बदामाच्या पिठाचा साधा फ्रूट केक: नाशिकमध्ये पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

बदामाच्या पिठाला मैद्याचे नियम लावले की केक फसतो. मैद्यात ग्लूटेन असतं, ते घोळाला धरून ठेवतं. बदामाच्या पिठात ते नसतं. उलट वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. म्हणून धरून ठेवायचं काम अंड्यांवर येतं, आच मंद लागते, आणि केक ओव्हनमधून काढल्यावर थांबावं लागतं. एवढं सांभाळलं तर हा केक मैद्याच्या केकपेक्षा सोपा आहे. घोळ जरा जास्त फेटला गेला म्हणून तो चिवट होत नाही, आणि थोडा कमी फुगला तरी चवीला उणा पडत नाही.

घरात कुणाला गहू बंद झालाय म्हणून बरेच जण या केककडे वळतात, काही जण नुसते चवीसाठी. दोघांसाठी कृती एकच. मात्र ‘बदामाचा आहे, म्हणजे डायबेटिसवाल्यांना चालेल’ असं धरून चालू नका. बेदाण्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, शिवाय घोळात आपण घालतो ती वेगळी.

केकला दोन दिवस धरा. आदल्या संध्याकाळी फळं भिजवायची, दुसऱ्या दिवशी भाजायचा, आणि जमलं तर कापायचा तिसऱ्या दिवशी.

काय काय लागेल

७ इंची गोल डब्यासाठी हे माप आहे. १० ते १२ तुकडे होतात.

- बदामाचं पीठ: २५० ग्रॅम
- अंडी: ४
- बिनमिठाचं बटर: १०० ग्रॅम (साजूक तूप वापरणार असाल तर ८० ग्रॅम, कारण बटरमध्ये पाणीही असतं आणि तुपात जवळजवळ नसतं)
- ब्राऊन शुगर किंवा गुळाची पावडर: १२० ग्रॅम
- बेकिंग पावडर: १ चहाचा चमचा, सपाट
- मीठ: दोन चिमटी
- दालचिनीची पूड: अर्धा चहाचा चमचा, आणि थोडं जायफळ किसून
- बेदाणे १०० ग्रॅम, काळे मनुके ५० ग्रॅम, बिया काढलेला खजूर ५० ग्रॅम, अंजीर किंवा जर्दाळू ५० ग्रॅम
- एका संत्र्याची किसलेली साल आणि ७५ मिलि रस

साधनांमध्ये वजनकाटा हवाच. वाटीच्या मापाने हा केक करू नका. बदामाचं पीठ वाटीत दाबून भरलं की हलक्या हाताने भरलेल्या वाटीपेक्षा बरंच जास्त बसतं, आणि मग अंडी कमी पडतात. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा पुरेसा आहे. शिवाय बटर पेपर, रव्याची चाळण, रबरी स्पॅच्युला आणि हँड बीटर किंवा विस्क. केकचा डबा भांडी बाजारात मिळतो. ॲल्युमिनियमचा, सरळ कडांचा, ३ इंच उंचीचा मागा. काळ्या नॉनस्टिक डब्यात कडा लवकर करपतात, या पिठात तर फारच लवकर.

१. पीठ ओळखून घ्या

किराणा दुकानात ‘बदाम पावडर’ मागितली की पुष्कळदा दुधात घालायची पावडर हातात पडते. तिच्यात साखर, वेलची, कधी केशरी रंग असतो. डबा उलटा करून घटक वाचा. यादीत फक्त बदाम असायला हवेत, दुसरं काहीही नाही.

बदामाचं पीठ दोन प्रकारचं असतं. साल काढलेल्या बदामांचं पांढरट आणि मऊ, सालीसकट दळलेलं तपकिरी ठिपक्यांचं आणि जरा भरड. या केकला दोन्ही चालतात, कारण फळांमुळे रंग तसाही गडद येतो. पांढऱ्या पिठाचा तुकडा नीट कापला जातो, सालीच्या पिठाचा थोडा भुसभुशीत होतो. पहिल्या केकला पांढरं घ्या.

पाकीट उघडल्याबरोबर वास घ्या. ताज्या पिठाला गोडसर वास असतो. जुन्या तेलाचा उग्र वास आला तर पीठ खवट झालंय. मसाले घालून ती चव झाकत नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हे पीठ कपाटात ठेवूच नका. उघडलेलं पाकीट घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये.

गव्हाची बंदी डॉक्टरांनी घातली असेल, म्हणजे सिलिॲक आजार असेल, तर सुटं पीठ घेऊ नका आणि चक्कीवर बदाम दळायला देऊ नका. ज्या जात्यातून दिवसभर गहू जातो तिथलं पीठ त्या माणसासाठी निरुपयोगी आहे. ग्लूटेन-फ्री लिहिलेलं बंद पाकीट आणा, बेकिंग पावडरच्या डब्यावरही तेच पाहा. आणि घरातली गव्हाच्या पिठाची चाळण वापरू नका. जाळीत अडकलेलं पीठ धुऊनही पूर्ण निघत नाही, तेव्हा वेगळी चाळण ठेवा.

२. घरी पीठ करायचं असेल तर

विकतचं पीठ महाग पडतं. रविवार कारंजा, मेन रोड भागातल्या ड्रायफ्रूटच्या दुकानांतून बदाम आणून घरी केलं तर बराच फरक पडतो. मामरा बदाम नकोत. ते खायला उत्तम, पण महाग, आणि तेल जास्त असल्याने मिक्सरमध्ये लवकर लगदा होतात. साधे कॅलिफोर्निया बदाम घ्या. २५० ग्रॅम पिठासाठी पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम बदाम धरा.

पाणी उकळा, गॅस बंद करा, बदाम टाका आणि मिनिट-दीड मिनिटात चाळणीत ओतून लगेच थंड पाण्यात घाला. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबलं की बदाम सालीतून सटकन बाहेर उडतो. दुसरा हात आडवा धरा, नाहीतर ओट्याखाली शोधत बसावं लागेल. लहान मुलांना हे काम फार आवडतं.

यानंतर वाळवणं, आणि इथेच घाई नडते. सुती कापडावर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा. पावसाळ्यात तेवढ्याने भागत नाही. तेव्हा ओव्हनमध्ये ८० ते ९० अंशांवर अर्धा तास ठेवून पूर्ण गार करा. बदाम तोडून पाहा, कट्कन तुटला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे.

दळायच्या आधी बदाम अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. चटणीच्या भांड्यात एका वेळी १०० ग्रॅमच घ्या आणि मापातल्या साखरेतले दोन चमचे त्यात घाला, त्याने तेल सुटायला वेळ लागतो. मिक्सर तीन-चार सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, परत फिरवा. सलग फिरवलात तर पातं तापतं, तेल सुटतं आणि पिठाऐवजी बदामाचं लोणी हाती येतं. त्याचं पीठ परत होत नाही, पोळीला लावून खावं. रव्याच्या चाळणीतून चाळा, वर उरलेलं परत फिरवा. शेवटी उरणारा चमचाभर जाडसर चुरा केकमध्ये खपतो.

३. फळं आदल्या रात्री भिजवा

बेदाण्यांच्या बाबतीत आपण नाशिककर नशीबवान. फेब्रुवारी ते एप्रिल हा द्राक्षं वाळवण्याचा हंगाम, त्यामुळे उन्हाळ्यात नवा माल बाजारात असतो. बेदाणा बोटांनी दाबला की लवचिक लागला पाहिजे, आणि एकमेकांना चिकटून गोळा झालेला नको.

बेदाणे कोमट पाण्यात दोनदा धुवा. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून शेडवर टाकण्याआधी ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, आणि रंग पिवळा राहावा म्हणून बऱ्याच मालाला गंधकाची धुरी देतात. शिवाय धूळ आणि देठ असतातच. पहिल्या पाण्याचा रंग पाहिलात की धुण्याचा कंटाळा करणार नाही.

खजूर, अंजीर, जर्दाळू बेदाण्याएवढे बारीक चिरा. मोठे तुकडे जड होऊन तळाशी जातात, आणि सुरी त्यांच्यात अडकली की केकचा तुकडा फाटतो.

संत्र्याचा रस कढईत गरम करा, कडेला बुडबुडे आले की गॅस बंद. सगळी फळं त्यात घालून झाका आणि रात्रभर ओट्यावरच राहू द्या. नागपुरी संत्री नसतील त्या दिवसांत मोसंबीचा रस चालतो, मग अर्धं लिंबू पिळा. साल किसताना फक्त वरचा रंगीत थर घ्या, खालचा पांढरा भाग कडू असतो. डब्यातला गोड ज्यूस नको.

नाशिकची रेड वाइन घालायची काहींना इच्छा असते. रसाऐवजी तेवढीच, ७५ मिलि घाला, छान लागते. मात्र भाजल्यावर सगळं अल्कोहोल उडून जातं हा समज चुकीचा आहे, थोडं राहतं. मुलं खाणार असतील किंवा कुणी वर्ज्य करत असेल तर संत्र्याचाच रस घ्या आणि पाहुण्यांना तसं सांगा.

हंगामात घरात द्राक्षांच्या पेट्या असतात, म्हणून ताजी द्राक्षं घालायचा मोह होतो. घालू नका. द्राक्षात ऐंशी टक्के पाणी असतं. मैदा त्यातलं थोडं तरी शोषतो, बदामाचं पीठ जवळजवळ काहीच शोषत नाही, आणि प्रत्येक द्राक्षाभोवती केक ओला, कच्चा राहतो. अननस आणि स्ट्रॉबेरीचंही तेच. टुटीफ्रुटी आवडत असेल तर मूठभर चालेल. ती कच्च्या पपईची, पाकात मुरवलेली असते, त्यामुळे गोडी वाढते आणि रंग सुटतो.

४. डबा आणि ओव्हन

सकाळी सगळ्यात आधी बटर आणि अंडी फ्रीजबाहेर काढा. नाशिकच्या डिसेंबरात नुसतं बाहेर काढून भागत नाही. बटर तीन तासांनीही दगड राहतं. त्याचे लहान तुकडे करून उबदार जागी ठेवा, बोट दाबलं की खळगा पडला पाहिजे. पण वितळवू नका. अंडी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. थंड अंडी मऊ बटरमध्ये पडली की घोळ फाटतो.

डब्याला बटर लावून तळाला आणि कडेला बटर पेपर लावा. कडेचा पेपर डब्यापेक्षा इंचभर वर ठेवा. मैद्याच्या केकला नुसतं पीठ भुरभुरलं तरी चालतं, इथे पेपरशिवाय केक अखंड निघत नाही.

ओटीजी, म्हणजे वर-खाली तापणारे रॉड असलेला विजेचा छोटा ओव्हन, असेल तर दोन्ही रॉड चालू ठेवून १५० अंशांवर पंधरा मिनिटं तापवा आणि जाळी खालून दुसऱ्या खाचेत लावा. लहान ओटीजीत वरचा रॉड केकच्या अगदी जवळ येतो, तिथे सर्वांत खालची खाच घ्या. बटणावरचा आकडा आणि आतली खरी उष्णता यात फरक असू शकतो. आत ठेवायचा साधा ओव्हन थर्मामीटर घेतलात तर या केकपुरतेच नाही, पुढचे सगळे पदार्थ सुधारतील.

मायक्रोवेव्हमध्ये कन्व्हेक्शन मोड असेल तरच हा केक करा. पंखा असल्याने १४० अंश ठेवा. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर धातूचा डबा घालायचा नाही, आणि तिथे हा केक भाजलाही जात नाही, नुसता शिजतो.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या जुन्या पातेल्यात दोन वाट्या मीठ पसरा, वर स्टँड ठेवा आणि झाकण लावा. माप निम्मं करून ५ इंची डबा घ्या, गॅस अगदी बारीक, आणि पातेल्याखाली जाड तवा. साधारण तासभर लागतो. वरून रंग येत नाही, चव येते. नवा कुकर यासाठी वापरू नका, कोरडा तापवून तो खराब होतो.

५. घोळ

भिजलेली फळं चाळणीत निथळा. खाली जमलेला रस फेकू नका.

बटर आणि साखर फिकट आणि हलकं होईपर्यंत फेटा, बीटरने चार-पाच मिनिटं. अंडी एकेक करून घाला, प्रत्येक अंडं पूर्ण मिसळल्यावरच पुढचं. तिसऱ्या-चौथ्या अंड्याला घोळ फुटल्यासारखा दिसला तर घाबरू नका, मापातलं दोन चमचे बदामाचं पीठ घालून फेटा, सावरतो.

पीठ, बेकिंग पावडर, मीठ, दालचिनी, जायफळ वेगळ्या भांड्यात नीट एकत्र करा. पिठाच्या गुठळ्या बोटांनी मोडा, नाहीतर केकमध्ये पांढरे गोळे राहतात. चमचाभर पीठ फळांवर भुरभुरा, बाकीचं घोळात घालून स्पॅच्युलाने मिसळा. मग फळं आणि संत्र्याची साल.

घोळ इडलीच्या पिठापेक्षा घट्ट हवा. चमचा उलटा केला की धार न लागता गोळा सावकाश खाली पडला पाहिजे. फार घट्ट वाटला तर निथळलेला रस एकेक चमचा घाला. दूध ओतून सैल करू नका. घोळ जमला की लगेच डब्यात ओता, वर पाण्याच्या हाताने सपाट करा आणि भाजायला ठेवा. आवडत असतील तर वर बदामाचे काप.

६. भाजणं

१५० अंशांवर ६० ते ७५ मिनिटं. मैद्याच्या केकच्या सवयीने १८० वर ठेवलात तर वीस-पंचवीस मिनिटांत वरून सुरेख तपकिरी होतो, आणि आतून ओला राहतो. त्या रंगाला भुलूनच बहुतेक केक कच्चे बाहेर येतात.

पहिली ४० मिनिटं दार उघडू नका. त्यानंतर पाहा, वर रंग आला असेल तर ॲल्युमिनियम फॉइल सैल झाका, चमकती बाजू वर की खाली याने काही बिघडत नाही. ६० मिनिटांनी मध्यभागी टूथपिक घाला. तिला बेदाणा लागला तर ती चिकटच निघेल, म्हणून दोन-तीन ठिकाणी टोचा. ओला घोळ चिकटला नाही आणि फक्त ओलसर कण आले तर झालं. बोटाने मध्यभागी हलकं दाबा. खड्डा तसाच राहिला तर अजून दहा मिनिटं.

भाजायला बसण्याआधी महावितरणचा मेसेज आलाय का ते पाहा. मध्येच वीज गेली तर दार बंदच ठेवा. दहा-पंधरा मिनिटं आतली धग टिकते, वीज आल्यावर तेवढाच वेळ वाढवा. त्याहून जास्त वेळ गेली तर पातेल्याची तयारी करा. हा घोळ मैद्याच्या केकइतका नाजूक नाही, पातेल्यात गेला तरी वाचतो.

७. थांबा

डबा बाहेर काढल्यावर अर्धा तास त्यातच राहू द्या, नंतर पेपर धरून जाळीवर काढा. गरम असताना डबा उलटा केलात तर केक दोन तुकड्यांत खाली येईल. गार होताना अंड्यांची बांधणी घट्ट होते आणि तेल परत आत मुरतं. पूर्ण गार व्हायला तीन-चार तास.

कापायची खरी वेळ दुसरा दिवस. फळांचा ओलावा केकमध्ये उतरतो, दालचिनी मुरते, आणि तुकडा चुरा न होता निघतो. पातळ, धारदार सुरी घ्या आणि दर कापाला ओल्या फडक्याने पुसा.

८. अंडी न खाणाऱ्यांसाठी

ही विचारणा सगळ्यात जास्त होते. या कृतीतली अंडी काढून तितकंच दही घालू नका. धरून ठेवायला काहीच उरत नाही आणि केकचा शिरा होतो. गहू चालत असेल तर निम्मं बदामाचं पीठ आणि निम्मी कणीक घेऊन दह्याचा बिनअंड्याचा केक करा, तो चांगला होतो. पण तो वेगळा केक आहे, त्याची कृतीही वेगळी घ्या. गहू आणि अंडी दोन्ही नको असतील तर याच पिठाच्या नानकटाया करा. तूप, साखर, बदामाचं पीठ आणि वेलची एवढ्यावर त्या जमतात.

९. ठेवणं आणि देणं

थंडीत घट्ट डब्यात बाहेर तीन दिवस राहतो. उन्हाळ्यात एक दिवस, आणि पावसाळ्यात तर गार झाल्याबरोबर फ्रीजमध्ये, कारण दमट हवेत फळांभोवती बुरशी लवकर धरते. फ्रीजमध्ये आठवडाभर. तुकडे बटर पेपरमध्ये वेगवेगळे गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवले तर दोन महिने टिकतात. खायच्या आधी तासभर बाहेर ठेवा. थंडगार केकची बदामाची चव जिभेवर येतच नाही.

नाताळात किंवा दिवाळीत कुणाला डबा भरून देणार असाल तर वर चिठ्ठी लावा: बदाम, अंडी, बटर, आणि घातली असेल तर वाइन. बदामाची ॲलर्जी काहींना गंभीर असते, आणि फ्रूट केककडे पाहून तो बदामाच्या पिठाचा आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही.